डिस्कला लावलेलं एरंडेल

मी गॅरेज कामगारांच्या संघटनेचा सेक्रेटरी आहे. त्यामुळं माझ्याकडून लेख मागवला की काय येणार, हे मागणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. मालकांचा निषेध, मागण्यांची यादी आणि खाली घोषणा. या अंकाच्या संपादकांनी मात्र पत्रात बजावलं आहे की मागण्या नकोत, धंद्यातले अनुभव हवेत, तेही जरा हलकेफुलके. आमच्या धंद्यात हलकं असतं ते ऑइलचं रिकामं डबडं. तरी सांगतो. ज्या गोष्टीबद्दल मी आजवर एकही पत्रक काढलं नाही, तीच सांगतो.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजात मी आठ वर्षं ब्रेकचं काम करतोय. ब्रेक दाबला की गाडी थांबते, एवढंच लोकांना माहीत. कशी थांबते, हे ती थांबली नाही तरच विचारतात. ट्रक, जीप, टॅक्सी, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या चाकात एक पालथं पातेलं असतं. त्याला ड्रम म्हणतात. पेडल दाबलं की पातेल्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या फाकतात आणि पातेल्याला आतून घासतात. या घासण्याची काळी धूळ आत साठते. ड्रम उघडला की आम्ही ती फुंकून उडवतो आणि निम्मी आमच्याच छातीत जाते. यावर मी पत्रक काढलं होतं. ‘मालकांनो, आमची छाती ही तुमची कचराकुंडी नव्हे.’ भाषा चांगली होती. फरक काहीच पडला नाही.

आता मुद्दा. मी एका माणसावर जळत होतो. होतो म्हणतोय, ते वाक्य नीट दिसावं म्हणून.

हवालदार गणपत माने. कोरेगावकडचे. सतरा वर्षं पलटणीच्या वर्कशॉपात काढून पेन्शनीत आले आणि आमच्या गॅरेजात लागले. पंचेचाळिशीचा माणूस, बोलणं कमी, मिशी जास्त. मी आयटीआय केलेला, इंग्रजी पुस्तक वाचून काम करणारा. हवालदारांना इंग्रजी येत नव्हतं, पण चाक हातानं फिरवून कान लावायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. आम्ही ड्रम उघडून बघायचो. तेच निघायचं. एकदा तरी चुकावेत म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली.

सांगलीहून हळदीची पोती घेऊन येणारे ड्रायव्हर आमच्याकडं थांबायचे. मी मोकळा उभा असायचो.

“हवालदार कुटं हाईत?”

“जेवायला गेलेत. काय झालंय?”

“काय न्हाई. असू द्या. बसतो मी.”

हे ‘बसतो मी’ मला चाबकासारखं लागायचं. तासभर बसायचे. चाक उघडं, मी समोर, हातात पाना, आणि तो माणूस बिडी ओढत रस्त्याकडं बघतोय.

त्याहून वाईट म्हणजे साबण. हाताचं ग्रीस काढायला मालकानं साबण द्यावा, ही संघटनेची पहिली मागणी. त्यावर मी तीन पत्रकं काढली. सायक्लोस्टाइल स्वतः फिरवून, स्वतः वाटली. तिसऱ्या पत्रकानं आमच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्यासमोर इंजिनातल्या ऑइलची पट्टी पुसली. हवालदार सभेला कधी यायचे नाहीत. पण एका दुपारी ते अण्णांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, “अण्णा, हाताचं ग्रीस निगंना झालंय. साबन लागंल.” संध्याकाळी साबणाचा खोका आला. मोरीवर रांग लावून सगळे हात धूत होते आणि हवालदारांनी साबण आणला, हवालदारांनी साबण आणला, हेच म्हणत होते. मी त्या साबणानं आठवडाभर हात धुतले नाहीत. रॉकेलनं धुतले.

असा मी होतो, तेव्हा पाचगणीहून रोशनबाईंचा निरोप आला.

रोशनबाई म्हणजे पाचगणीत कायम राहणाऱ्या एक पारशी बाई, साठीच्या. भाऊ वारला तेव्हा बंगला त्यांच्याकडं आला आणि बंगल्याबरोबर त्याची गाडी. इंग्लंडात झालेली, दोनच माणसांची, कापडी छपराची, तांबडीभडक. चाकं सायकलसारखी तारांची. एका माणसाच्या हौसेसाठी एवढं लोखंड. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मनात एक अख्खं पत्रक तयार झालं. पण हात आपोआप तिच्या बॉनेटवर गेला, हेही लिहिलं पाहिजे.

गाडी अख्खा पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पाचगणीचा पावसाळा म्हणजे नुसता पाऊस नाही. धुकं घरात शिरतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. गाडी आता ढकलूनही हलत नव्हती. ट्रकला बांधून साताऱ्याला न्यायला बाईंनी साफ नकार दिला, म्हणून अण्णांनी हवालदारांना आणि मला हत्यारांची पेटी घेऊन एसटीनं वर पाठवलं.

हवालदारांनी पुढचं चाक काढलं आणि आम्ही दोघंही वाकून बघायला लागलो. आत पातेलं नव्हतंच. उघडी लोखंडी थाळी होती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. डिस्क ब्रेक. तापलेला तवा सांडशीनं धरावा, तसा हा चिमटा फिरणारी थाळी धरतो. चिमट्याच्या दोन ओठांवर घासणारे ठोकळे असतात, त्यांना पॅड म्हणतात. या गाडीला पुढच्या दोन चाकांना डिस्क होत्या, मागच्या दोन्हींना आपले नेहमीचे ड्रम. मी डिस्क ब्रेक पुस्तकात वाचला होता. हवालदारांनी तो फौजेत कुठल्याशा परदेशी गाडीला एकदा बघितला होता. थाळी मुळात आरशासारखी असते. इथं ती जुन्या नांगराच्या फाळासारखी झाली होती, तांबडी, पापुद्रे सुटलेली, खड्डे पडलेली. आणि पॅड गंजानं तिला चिकटून बसले होते, म्हणून चाक हलत नव्हतं.

रोशनबाई शेजारी काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून हाक मारली, “ज्ञानू!”

ज्ञानू म्हणजे त्यांचा गडी. कराडजवळ मलकापूरच्या बाजूचा. चौदा वर्षं बंगल्यावर. तो आणि त्याची बायको मागच्या खोलीत राहायचे. आमच्यासमोर बाईंनी त्याला झापलं. तुझ्या डोळ्यांसमोर गाडी गंजली, तुला पुसायला नको होती का, डोळे आहेत का नाहीत. ज्ञानू मान खाली घालून ऐकत होता. गाडीचा ब्रेक आतून गंजतो हे त्याला कळणार कसं, असं मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं. ते काम माझं होतं. बोलले हवालदार. “बाई, ह्यात त्याचा काय दोस न्हाई. ह्ये आमालाबी आत्ताच दिसतंय.” बाई शांत झाल्या. पुन्हा तेच.

डिस्क काढायला एक दिवस गेला. नव्या मिळणं शक्य नव्हतं, परदेशी भाग मागवायचा तर वर्ष जातं. तेव्हा आहेत त्याच लेथवर चढवून गंजाचा थर उतरवायचा, असं ठरलं. साताऱ्यात ज्याला विचारलं त्यानं हात झटकले. शेवटी दोन्ही डिस्क पोत्यात बांधून आम्ही सांगलीला गेलो. तिथं गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ बनवणारे एक दस्तगीर मिस्त्री हवालदारांच्या ओळखीचे होते. अर्थात.

या कामात एक मेख आहे. खड्डे जाईपर्यंत लोखंड उतरवायचं, पण फार उतरवलं तर डिस्क पातळ होते आणि तापल्यावर तडकते. किती पातळ चालेल, ते मी गाडीबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेतून शोधून काढलं होतं. आकडा कागदावर लिहून, मायक्रोमीटर घेऊन मी लेथपाशी उभा राहिलो. मनात म्हटलं, आज माझी पाळी. दस्तगीर मिस्त्री एकेक पापुद्रा उतरवत होते. हवालदार अधूनमधून लेथ थांबवून डोळे मिटून डिस्कवर अंगठा फिरवायचे. एकदा म्हणाले, “बास. ह्याच्याम्होरं नगं.” मी मायक्रोमीटर लावला. पुस्तिकेतल्या आकड्याच्या केसभर अलीकडं. दस्तगीर मिस्त्री खूश होऊन हसले आणि मला म्हणाले, “तुमचं यंत्रबी हवालदारांचंच ऐकतंय की वो.”

परतीच्या एसटीत पोतं माझ्या मांडीवर होतं आणि हवालदार खिडकीला डोकं टेकून झोपले होते. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होतो. लोकांना दुसऱ्याच्या बंगल्याचा, जमिनीचा हेवा वाटतो. मला त्या अंगठ्याचा वाटत होता.

पाचगणीत दुपारपर्यंत डिस्क बसल्या. पॅड घासून साफ करून लावले, ब्रेकमधली हवा काढली. दोन झळझळीत थाळ्या तारांच्या चाकांमधून दिसायला लागल्या तेव्हा रोशनबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी व्हरांड्यात भावाची वेताची खुर्ची ओढली आणि हवालदारांना बसवलं. चिनी मातीच्या कपातून चहा दिला. मला आणि ज्ञानूला स्वयंपाकघराच्या दारात पितळी पेल्यातून.

यावर मी काय म्हणालो असतो, ते वाचकांनी ओळखलं असेल. श्रीमंतांचा भेदभाव, कामगारांत फूट पाडायची जुनी चाल. मनात सगळं म्हटलंही. पण खरं सांगतो, खुर्च्या सगळ्यांना मिळाव्यात हे माझं मत असलं तरी त्या दिवशी मला फक्त ती एक हवी होती, आणि तिच्यावर हवालदार बसलेले नको होते.

चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यायची ठरली. आम्ही व्हरांड्यातच झोपलो. सकाळी उजाडलं तर बंगल्याभोवती धुकं, फाटकसुद्धा दिसेना. हवालदार आंघोळीला गेले होते. मी खांबाला आरसा लटकवून दाढी करत होतो. शेड समोरच, पंधरा पावलांवर.

ताज्या उतरवलेल्या लोखंडावर अशा हवेत एका रात्रीत तांबूस झाक धरते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दोनदा ब्रेक मारला की पुसून जाते. पण हे ज्ञानूला कोण सांगणार? तो झाडू घेऊन शेडमध्ये गेला, चाकाशी वाकला आणि तसाच थांबला. मग मागच्या खोलीकडं धावत गेला आणि आला तेव्हा त्याच्या हातात एरंडेलाची बाटली आणि फडकं होतं.

ज्ञानू बंगल्यावर यायच्या आधी गुऱ्हाळावर कामाला होता. हंगाम संपला की चरकाचे रूळ धुऊन त्यांना एरंडेल चोपडायचं, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. आमच्या मुलखात हे कुणालाही विचारा. तो ओणवा बसला आणि तारांमधून बोटं घालून त्यानं एक डिस्क नीट, आतून बाहेरून, मायेनं तेलानं पुसली. मग दुसरी.

ब्रेकच्या डिस्कला तेल म्हणजे काय, ते पुन्हा तव्यावरूनच सांगतो. सांडशीला आणि तव्याला तूप लावा आणि तवा उचलून बघा.

मी हे सगळं आरशाच्या कडेनं बघितलं. ज्ञानूनं वर पाहिलं, आमची नजरानजर झाली. तोंडाला साबण होता, पण तोंड उघडता येत होतं. एक हाक पुरे होती. हाक ओठापर्यंत आली आणि मग माझ्या डोक्यात एक चित्र आलं. हवालदार गाडीत बसतात, बंगल्याच्या आवारात ब्रेक मारतात, गाडी थांबत नाही, फाटकाजवळच्या कुंडीवर जाते. रोशनबाई काठी टेकून बघतायत. दोन वर्षांत पहिल्यांदा हवालदार चुकलेत.

एवढंच हवं होतं मला. एक कुंडी.

मी दाढी पुरी केली.

हवालदारांनी गाडीत बसायच्या आधी चाकात डोकावून बघितलं होतं. डिस्क ओली चमकत होती, पण त्या सकाळी पाचगणीत ओलं नव्हतं असं काय होतं? दव समजून त्यांनी सोडून दिलं. मग गाडी सुरू करून आवारात चालीच्या वेगानं नेली आणि ब्रेक मारला.

गाडी थांबली.

मी चक्रावलो. दुसऱ्या क्षणी उमगलं. मागचे ड्रम कोरडे होते. चालीच्या वेगाला तेवढे पुरतात. पुढच्या डिस्कांनी काही धरलंच नव्हतं, हे हवालदारांना कळलं नाही, कारण हा ब्रेक त्यांच्या पायाला नवा होता. मला कळलं. उतारावर वेगात काय होईल, तेही कळलं. चाकं लॉक होतील ती फक्त मागची, आणि गाडी गर्रकन फिरेल.

आता सांगायलाच हवं होतं. हवालदार म्हणाले, बाजारापर्यंत जाऊन येतो. मी गप्प. ज्ञानूनं फाटक उघडलं. मी गप्प. रोशनबाईंनी काठी ज्ञानूच्या हातात दिली, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. मी एक पाऊल पुढं टाकलं, खरंच टाकलं, पण मग सांगायचं काय? मला मघापासून माहीत आहे, हे? एवढा हिशेब होईस्तोवर गाडी धुक्यात गेली.

मग मी पळालो. ओरडलो. पाचगणीच्या त्या उतारावर अनवाणी, काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. पहिल्या वळणापलीकडून टायर घासल्याचा आवाज आला आणि लगेच दुसरा, दगडावर पत्रा आपटल्याचा.

गाडी उलट तोंड करून जांभ्याच्या भिंतीला टेकली होती. रोशनबाई पांढऱ्याफटक, पण धड होत्या. हवालदारांनी गाडी फिरतेय हे बघून उजव्या हातानं स्टिअरिंग धरलं होतं आणि डावा हात बाईंच्या समोर आडवा टाकला होता. तो हात बाई आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडला. मनगट मोडलं.

मी दार उघडलं तेव्हा ते माझ्याकडं बघून म्हणाले, “म्होरल्या डिस्का बग. धरल्याच न्हाईत.” मोडका हात मांडीवर, आणि पहिलं वाक्य डिस्कबद्दल.

मी वाकलो, बोट लावलं आणि म्हणालो, “तेल आहे.” जसं काही आत्ताच कळलं.

बंगल्यावर बाईंनी विचारलं आणि ज्ञानूनं लगेच कबूल केलं. “म्याच लावलं. गंज धरत हुता, बाई. तुमी बोलला हुता न्हवं.” बाईंनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. चौदा वर्षांचा संसार दोन ट्रंकांत बसला. मी तिथं उभा होतो. हवालदारांना टॅक्सीत घालायचं होतं, सामान आवरायचं होतं, अशी बरीच कारणं होती.

साताऱ्यात आल्यावर मी काय केलं असेल? पत्रक लिहिलं. ‘चौदा वर्षांच्या इमानाचं बक्षीस: हकालपट्टी!’ कामाचं शिक्षण द्यायचं नाही, गंजाबद्दल शिव्या द्यायच्या आणि गंज पुसला म्हणून घराबाहेर काढायचं. आजवरच्या माझ्या पत्रकांत ते सगळ्यांत जोरदार. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सह्यांमध्ये पहिली सही जखमी माणसाची असावी, म्हणून मी ते घेऊन सिव्हिल हॉस्पिटलात गेलो.

हवालदार खाटेवर बसले होते, डावा हात प्लास्टरमध्ये. त्यांनी पत्रक घेतलं आणि ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

“झ्याक लिवलंयस, सेक्रेटरी.”

मला बरं वाटलं. काय सांगू, त्याही वेळी बरं वाटलं.

“काल ज्ञानू येऊन गेला,” ते म्हणाले. “मी त्याला इचारलं, बाबा, तुला कुनी अडवलं न्हाई व्हय? तर म्हनला, सेक्रेटरी दाडी करत हुतं. बगत हुतं माज्याकडं. चुकीचं असतं तर बोललं असतं की. ब्रेकचं मिस्त्री हाईत.”

मी खाटेचा गज धरला.

“म्हनलं, मग ह्ये बाईला का न्हाई सांगितलंस? तर म्हनतो, माजी गेली ती गेली. त्येंची कशाला घालवू.”

हवालदारांनी पत्रकाची घडी केली.

“दाडी करताना न्हाई बोललास, ते मी समजू शकतो. मलाबी पलटनीत कुनाची तरी जिरावी असं वाटायचं. पर बाई गाडीत बसल्या. तवा तरी?”

मी पत्रक परत घ्यायला हात पुढं केला.

“सही करतो मी,” ते म्हणाले. “आदी ह्यात तुजं नाव घाल.”

दुसऱ्या सकाळच्या एसटीनं मी पाचगणीला गेलो. वाई सुटली, पसरणीचा घाट सुरू झाला, आणि प्रत्येक वळणाला मी एक वाक्य जुळवत होतो आणि पुढच्या वळणाला खोडत होतो. शेवटी रोशनबाईंसमोर उभा राहिलो तेव्हा जुळवलेलं काहीच उरलं नव्हतं. म्हणालो, ज्ञानू तेल लावत होता ते मी बघितलं होतं. बोललो नाही.

“का?”

“जळत होतो.”

“कोणावर? माझ्यावर?”

“हवालदारांवर.”

बाई काठी टेकत व्हरांड्याच्या कडेला आल्या. मग म्हणाल्या, “माझा भाऊ बावीस वरस ही गाडी चालवायचा. मला एकदा पण हात लावू दिला नाय. मी पण जळायची त्याच्यावर. पण मी त्याच्या ब्रेकला तेल नाय लावला.”

“मीही लावलं नव्हतं.”

“तू बघितला,” बाई म्हणाल्या. “ते जास्त वाईट.”

मला हाकलून देतील असं वाटलं. त्याऐवजी त्यांनी काठीनं शेडकडं दाखवलं. आधी ज्ञानूला घेऊन ये, मग ही गाडी पुरी कर, एकट्यानं. पुरी होईपर्यंत तोंड दाखवू नको.

ज्ञानूला आणायला त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ज्ञानू ट्रंक उचलून एसटीत माझ्याशेजारी बसला, बायको मागच्या बाकावर. उंब्रज गेल्यावर म्हणाला, “मिस्त्री, ह्या खेपंला काय पुसायचं आन् काय न्हाई, ते आदीच बोला. तुमच्या तोंडाकडं बगून मला कळंना झालंय.” माझ्याबद्दल कुणी काढलेलं हे सगळ्यांत खरं पत्रक.

संघटनेच्या सभेतही माझं नाव घातलेलं ते पत्रक मी वाचून दाखवलं, वाटलं मात्र नाही. दोघातिघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नवा सेक्रेटरी निवडावा असं ठरलं आणि सगळ्यांनी एकमुखानं नाव घेतलं ते हवालदारांचं. सभेला कधीही न आलेल्या माणसाचं. मला लिवाय जमत न्हाई, असं सांगून त्यांनी ते टाळलं, म्हणून मी अजून सेक्रेटरी आहे. हे पद आपलं आपण मिळवलेलं नाही, दुसऱ्यानं नको म्हटल्यावर उरलेलं आहे, हे माहीत असून पत्रकाखाली सही करायला काय वाटतं, ते वर्णन करण्याइतकी माझी भाषा चांगली नाही.

गाडीचं काम मला अकरा दिवस लागलं. एरंडेल पॅडमध्ये मुरलं होतं. ते घासून, तापवून निघत नाही. पॅडमागचे जुने पत्रे सांगलीला नेऊन त्यांच्यावर ट्रकच्या ब्रेकचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, कापून नव्यानं बसवून आणलं. डिस्क पेट्रोलनं तीनदा धुतल्या. भिंतीला लागलेला मागचा पत्रा ठोकून सरळ केला. मदतीला कुणी नव्हतं आणि विचारायलाही. रोज वाटायचं, हवालदारांनी एकदा अंगठा लावून बघावा. आणि हे वाटतंय म्हणून रोज राग यायचा. पण काम चोख झालं. आठ वर्षांत इतकं चोख काम मी केलं नव्हतं, आणि या वेळी ते कुणाचं, यावर वाद नव्हता.

आवारात चाचणी घेतली, बाजारापर्यंत घेतली, पुन्हा आवारात घेतली. मग रोशनबाई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. मी शेजारी. बावीस वर्षं शेजारी बसून त्या सगळं शिकल्या होत्या, फक्त हात कधी लागला नव्हता. पसरणीच्या घाटात पहिल्या वळणाला त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा माझाही पाय फळीवर दाबला गेला. गाडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही, नाक किंचित खाली आणि उभी. पुढच्या वळणाला पुन्हा. बाई हसायला लागल्या. खाली वाईची देवळं दिसायला लागेपर्यंत त्या हसत होत्या आणि प्रत्येक वळणाला उगीचच थांबवून बघत होत्या.

वाईत पेट्रोल भरायला थांबलो. तांबड्या गाडीभोवती माणसं जमली. पंपावरचा माणूस चाकाशी वाकून तारांमधून बघत होता. “ब्रेक तर येगळंच दिसत्यात,” तो म्हणाला. “ह्यास्नी कुनी हात लावला हिकडं?”

“साताऱ्याचा हवालदार आहे,” रोशनबाई अभिमानानं म्हणाल्या. “त्यानं केला.”

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. त्यांच्या लेखी खरंच ते काम हवालदारांचं होतं. मोडक्या हातासकट.

तो माणूस माझ्याकडं वळला. “तुमीच का ते हवालदार?”

अकरा दिवस माझ्या जिभेवर होते. पॅड माझे, धुतलेल्या डिस्क माझ्या, घाटातलं एकेक थांबणं माझं. छाती अशी जळत होती, की ब्रेकची सगळी काळी धूळ एकदम पेटलीय.

“नाही,” मी म्हणालो. “हवालदार आमच्या गॅरेजात असतात. तुमच्याकडं कुणाच्या गाडीचं असं काही अवघड काम निघालं तर त्यांच्याकडंच पाठवा. पोवई नाक्यावर उतरायचं, डावीकडं वळायचं, पिंपळापासून तिसरं गॅरेज. जेवायला गेले असले तर बसायचं. ते येतात.”